मोटरवाल्या ताईंची पिशवी

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. त्या गर्दीत बिघडलेल्या रेडिओ-टेपच्या ढिगासमोर उकिडव्या बसलेल्या ताई हमखास दिसतात. फुटका स्पीकर उलटा करून त्या मागचं गोल चुंबक शाबूत आहे का ते बघतात, भाव करतात आणि पिशवीत टाकतात. तिथून मोटर रिवायंडिंगच्या दुकानात. तिथे तांब्याच्या तारेचे उरलेले तुकडे मिळतात. मग सायकलच्या दुकानात वॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, आणि पंक्चर काढूनही न टिकणाऱ्या जुन्या ट्यूब, शिंप्याकडे चिंध्या. घरी याव्यात तर शेजारणीनं धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, संपलेल्या रिफिली आणि पट्टा तुटलेली रबरी चप्पल दाराशी आणून ठेवलेली असते.

या सामानाच्या जोरावर ताई गेली अनेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत, शहरातल्या वस्त्यांवर आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांत कार्यशाळा घेतात. खेळणी, विज्ञानाची साधी उपकरणं, गोधडीच्या टाक्यांनी शिवलेली चित्रं, वर्तमानपत्राच्या टोप्या, असं बरंच काही तिथे होतं. पण मुलांच्या लक्षात राहते ती सेफ्टी पिनांची मोटर, म्हणून त्यांचं नाव पडलं 'मोटरवाल्या ताई'. त्यांचा सगळा आग्रह एका गोष्टीभोवती फिरतो. मुलानं जे केलं ते त्याला उघडता आलं पाहिजे, मोडलं तर दुरुस्त करता आलं पाहिजे आणि ताईंची एसटी गेल्यावर गावात मिळणाऱ्या सामानातून पुन्हा करता आलं पाहिजे. या तीनपैकी एक जरी जमलं नाही, तर वस्तू कितीही देखणी असो, ताई ती कार्यशाळेच्या यादीतून काढून टाकतात.

हा आग्रह त्यांना एका मोठ्या परंपरेतून मिळाला आहे, आणि तो समजून घ्यायचा तर मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात जावं लागतं. १९७२ साली तिथल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा प्रयोग सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेले डॉ. अनिल सद्गोपाल यांची 'किशोर भारती' आणि रसूलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्था त्यामागे होत्या. खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान फळ्यावर शिकवायचं, ही सबब त्यांनी मान्य केली नाही. फूल उलगडून बघायला महागडी सुई नसेल तर बाभळीचा काटा चालतो, परीक्षानळी नसेल तर इंजेक्शनची रिकामी बाटली चालते, असा त्यांचा हिशोब होता. 'बाल वैज्ञानिक' ही त्यांची पुस्तकं उत्तरं सांगत नसत. प्रयोग करा, काय दिसलं ते लिहा, असं सांगून ती थांबत. परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी होती, कारण पुस्तकात तयार उत्तर नव्हतंच. मुलांना पडलेले प्रश्न पत्रातून विचारता यावेत म्हणून 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र उभं केलं होतं. मुलं त्याला पत्रं लिहीत आणि त्यांना खरोखर उत्तरं येत.

याच कामाकडे १९७८ मध्ये अरविंद गुप्ता आले. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली इंजिनिअर झालेले, पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीला असलेले गुप्ता वर्षभराची रजा काढून होशंगाबादला पोहोचले. तिथल्या आठवडी बाजारात जे विकायला असे त्यातून काय करता येईल, हा त्यांचा शोध होता. त्यातूनच काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची वॉलट्यूब यांची जोडी जमली. काडीचं गुल खरवडून टाकायचं, वॉलट्यूबचा सेंटिमीटरभर तुकडा कापायचा आणि दोन्ही बाजूंनी काड्या खोचायच्या. सांधा तयार. महागड्या परदेशी मेकॅनोचं काम चार-दोन रुपयांत व्हायला लागलं. या प्रयोगांचं 'मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्सपेरिमेंट्स' हे पुस्तक पुढे 'एकलव्य' संस्थेनं काढलं आणि ते अनेक भारतीय भाषांत गेलं.

ताईंच्या कार्यशाळेची सुरुवात आजही याच काड्यांनी होते, कारण तासाभरात यातून जे घडतं ते दुसऱ्या कशातून घडत नाही.

मुलं आधी चौकोन करतात. चार काड्या, वॉलट्यूबचे चार तुकडे. चौकोन हातात घेऊन जरा दाबला की तो कलंडतो आणि शंकरपाळ्याच्या आकारात येतो. पंचकोन त्याहून ढिला, षटकोन तर हातात धरवत नाही. मग कुणीतरी त्रिकोण करतं. तो दाबला तरी हलत नाही. "ताई, हा घट्ट बसलाय," असं एखादा मुलगा सांगतो आणि वर्गातले सगळे आपापले त्रिकोण दाबून बघतात. ताई या वेळी फळ्याकडे जात नाहीत. त्या एवढंच विचारतात, "चौकोन हलू नये असं काय करता येईल?" कुणी सांध्याला दोरा बांधतं, कुणी दोन काड्या एकत्र खोचतं. थोड्या वेळानं एखादी मुलगी मधून तिरकी काडी लावते. चौकोन ताठ होतो.

भोर तालुक्यातल्या एका शाळेत हे चाललं असताना चौथीतल्या एका मुलानं छताकडे बोट दाखवलं. शाळेच्या पडवीवर पत्र्याची शेड होती आणि तिची लोखंडी कैची वर स्पष्ट दिसत होती. त्या कैचीत त्रिकोणच त्रिकोण. मग पोरं मैदानात पळाली. विजेचा मनोरा, शेताचं फाटक आणि त्यावरची तिरकी पट्टी, टँकरच्या मागची शिडी, सगळीकडे ती त्रिकोण शोधायला लागली. फाटकाची पट्टी वरून खाली तिरकी का मारतात, हे त्यातल्या एकानं आजोबांना विचारून दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं. भूमितीच्या पुस्तकातल्या प्रमेयाला इथे एक पत्ता मिळाला होता, आणि तो मुलांच्या रोजच्या वाटेवरचा होता.

गुप्तांच्या कामाचा पुढचा मोठा टप्पा पुण्यातच घडला. पुणे विद्यापीठाच्या आवारात डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेनं शाळेतल्या मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' सुरू केली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तिच्या इमारतीला सप्तर्षींतल्या ताऱ्याचं, 'पुलस्त्य' हे नाव दिलं. २००३ पासून २०१४ पर्यंत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे टाकाऊ सामानातून शेकडो खेळणी तयार केली. त्यांची छायाचित्रं, कृती आणि लहान लहान चित्रफिती संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. मराठीतूनही त्या बघता येतात. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. ताईंसारखे कितीतरी जण त्या शोधिकेत पहिल्यांदा गेले ते बघे म्हणून, आणि बाहेर पडले ते पिशवी घेऊन बाजाराच्या दिशेनं.

सेफ्टी पिनांची मोटर ही त्या शोधिकेची आवडती गोष्ट. ती कशी होते हे जवळून बघण्यासारखं आहे. टॉर्चचा एक मोठा सेल घ्यायचा. सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी कापून तिचा रबरबँड सेलवर लांबीच्या दिशेनं ताणून बसवायचा आणि त्याखाली दोन्ही टोकांशी एकेक सेफ्टी पिन अडकवायची, पिनेचं गोल भोक वर येईल अशी. सेलच्या पाठीवर चुंबक. मग तांब्याच्या तारेचे दहाएक वेढे सेलभोवती गुंडाळून त्याची गोल चकती करायची आणि दोन टोकं समोरासमोर बाहेर काढायची. ही टोकं पिनांच्या भोकात टेकली की चकती फिरायला हवी.

ती फिरत नाही. पहिल्या फेरीत वर्गातल्या बहुतेक मोटरी जागच्या जागी बसून राहतात आणि ताईंना नेमकी हीच वेळ हवी असते. तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण वीज अडवतो. कुणीतरी पिन जराशी दाबून बघतं, कुणी सेल बदलून मागतं, कुणी शेजारच्याच्या मोटरीशी आपली ताडून बघतं. मग ताई एका टोकाची तार कातरीच्या पात्यानं खरवडून दाखवतात. वार्निश निघालं की तांब्याचा रंग उजळ होतो आणि हे मुलांच्या डोळ्यांना लगेच जाणवतं.

पुढची अडचण जास्त सुंदर आहे. दोन्ही टोकं सगळ्या बाजूंनी खरवडली तर चकती हलते, थरथरते, पण फिरत नाही. अर्धी फेरी झाल्यावर चुंबकाचा जोर तिला उलट ढकलायला लागतो. म्हणून एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त एका बाजूनं, म्हणजे अर्धंच. अर्ध्या फेरीत वीज मिळते, उरलेल्या अर्ध्या फेरीत ती तुटते आणि चकती आधीच्या वेगावर पुढे जाते. हे कळल्यावर पोरं तारेवर वाकून एकाच बाजूचं वार्निश काढायला लागतात. काही जण बोटानं तार धरून ठेवतात, म्हणजे दुसरी बाजू चुकून खरवडली जाऊ नये. मग एका कोपऱ्यातून आरोळी येते. चकती गरगर फिरत असते. कुणी सेल उचलून पळत जातं आणि बाजूच्या वर्गातल्या बाईंना दाखवून येतं. शाळेतला पंखा, शेतावरची पाण्याची मोटर, गिरणीचा पट्टा फिरवणारी मोटर यांच्या आत वीज आणि चुंबकाचाच खेळ चालला आहे, हे पाचवीच्या पोराला त्या दिवशी दिसतं.

ताईंना अनेक शाळांमधून बोलावणं येतं ते मात्र वेगळ्या कारणासाठी. वार्षिक स्नेहसंमेलन असतं, 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा असते आणि परीक्षक हवे असतात. अशा एका शाळेत त्यांनी मांडलेल्या वस्तूंची रांग बघितली. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं. काड्या नव्या, दुकानातून पाकिटात आणलेल्या. थर्माकोलवर चमकी लावलेला मोर होता. प्लास्टिकच्या बाटलीला रंग, मणी आणि कापडी फुलं चिकटवून केलेला फ्लॉवरपॉट होता. बहुतेक वस्तूंवर आईचा किंवा मोठ्या बहिणीचा हात स्पष्ट दिसत होता, आणि मुलांना "हे कसं केलं" असं विचारलं की ती पालकांकडे बघत होती. शाळेला यात काही वावगं वाटत नव्हतं. मुख्याध्यापकांना पाहुण्यांसमोर टेबल भरलेलं हवं होतं.

ताईंनी बक्षिसं दिली, पण त्यांनी तिथे मांडलेला मुद्दा अनेक शिक्षकांच्या मनात राहिला. साधी प्लास्टिकची बाटली भंगारवाला घेतो, ती पुढे वितळवली जाते. तीच बाटली डिंक, चमकी, मणी आणि कापड चिकटवून सजवली की ती कुणाच्याच कामाची राहत नाही. चार वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटल्यावर ते वेगळे करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून वर्षअखेरीस ती थेट कचऱ्यात जाते. नवीन थर्माकोल विकत आणून त्याला पुनर्वापर म्हणणं तर आणखी अवघड. काडी आणि वॉलट्यूबचा मनोरा मात्र सोडवता येतो. काड्या वेगळ्या होतात, ट्यूब डब्यात परत जाते आणि उद्या त्याचा पूल होतो. म्हणून ताईंच्या कार्यशाळेत फेव्हिकॉलची बाटली क्वचितच दिसते. जोडायचं तर खोचा, बांधा, गुंफा, शिवा, असा त्यांचा नियम आहे. वस्तीतल्या आज्या जेव्हा मुलांबरोबर गोधडीचे टाके घालायला बसतात तेव्हा हा नियम त्यांना समजावून सांगावा लागत नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्यानं शिवत जायचं, फाटलं की वर आणखी एक तुकडा लावायचा. हे त्या आयुष्यभर करत आल्या आहेत.

शहरातल्या वस्त्यांमध्ये या कामाला एक वेगळाच कस लागतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत', १९९३ साली उभी राहिली. तिची मुळं शिक्षणातच होती. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या निरंतर आणि प्रौढ शिक्षण विभागाचे कार्यकर्ते कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी आणि बायकांसाठी वर्ग घ्यायला वस्तीत गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की पाटी-पेन्सिलीच्या आधी कामाचा मान आणि कचऱ्यावरचा हक्क हे प्रश्न सोडवावे लागतील. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली संघटना झाली आणि कचरा वेचणाऱ्या बायका ओळखपत्र घेऊन कामावर जायला लागल्या.

अशाच एका वस्तीत ताईंनी कार्यशाळा ठेवली होती. पिशवीतलं सामान सतरंजीवर मांडत असताना एक आई दारातून बघत होती. ती म्हणाली, "आम्ही दिवसभर यातच हात घालतो. पोरं शाळेत जावीत, त्यांना यातून बाहेर काढावं म्हणून राबतो. आणि तुम्ही त्यांच्यापुढे पुन्हा हेच मांडता?"

या प्रश्नानं ताईंच्या कामाची घडी बदलली. मध्यमवर्गीय शाळेत टाकाऊ वस्तूला हात लावणं हा एक शिकवण्याचा विषय असतो, पण कचऱ्यावर ज्यांचं पोट आहे त्यांच्या मुलांना त्याचं नवल नसतं. उलट स्वच्छ कागद, चांगले रंग, धारदार कातर, खरं भिंग हीच त्यांच्यासाठी दुर्मीळ गोष्ट. स्वस्त साहित्य गरिबांसाठी आणि चांगलं साहित्य बाकीच्यांसाठी, अशी वाटणी या कामात नकळत होऊ शकते. तेव्हापासून वस्तीतल्या कार्यशाळेला ताई कोरे ड्रॉइंगचे कागद, जलरंग आणि भिंग आवर्जून नेतात. सायकलच्या ट्यूबबरोबर नवं मोजमापाचं साहित्यही जातं. आणि मुलांना जे आधीच ठाऊक आहे ते तिथे शिकवलं जात नाही, त्यांच्याकडून शिकून घेतलं जातं. कोणतं प्लास्टिक दाबल्यावर कडकडतं, कोणतं ताणल्यावर पांढरं पडतं, कोणत्या पुठ्ठ्याला भाव जास्त, भिजलेली रद्दी वजनाला कशी फसवते, हे त्या मुलांना बोटांच्या टोकांवर ठाऊक असतं. त्यांनी वस्तूंची वर्गवारी केली की विज्ञानाच्या पुस्तकातला पदार्थांच्या गुणधर्मांचा धडा अर्धा तिथेच होतो. त्यावर मग प्रयोग होतात: कोणतं प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, कोणतं बुडतं, कोणत्या कागदाचं विमान लांब जातं.

त्या आईची मुलगी पुढे कार्यशाळेत येत राहिली. तिनं केलेल्या कामापैकी तिच्या आईला सगळ्यात आवडलं ते जलरंगांतलं मोठं चित्र, सतरंजीएवढ्या कागदावर काढलेलं. ते तिनं घरातल्या भिंतीला लावलं आहे.

हाताशी आहे त्यातून शिकवण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा माँटेसरींच्या पद्धतीचं महागडं साहित्य खेड्यात आणणं शक्यच नव्हतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना त्या साहित्याची ताकद त्यांनी ओळखली होती. ती ताकद शंखशिंपले, चिंचोके, गारगोट्या, पानं, माती, बांबू यांच्यातून मिळवता येईल असं त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी करून दाखवलं. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पानंफुलं, आकार ओळखायला शिंपले. मुलं शाळेत येत नाहीत हे बघून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्या अंगणवाडीचं नाव पुढे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेनं घेतलं आणि ते देशभर पसरलं. कोसबाडच्या टेकडीवर गुरं चारायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे तिथे जायचं आणि तिथे जे आहे त्याच्यातून शिकवायचं, हे ताईंच्या पिशवीमागचं सूत्र तिथे पूर्णपणे सापडतं.

शाळांची कपाटं मात्र वेगळी गोष्ट सांगतात. १९८७ नंतर खडू-फळा योजनेतून अनेक प्राथमिक शाळांना विज्ञानाच्या पेट्या मिळाल्या. कित्येक ठिकाणी त्या कुलुपात राहिल्या. साहित्य फुटलं तर भरून कोण देणार, नोंदवहीत ते कमी दिसलं तर काय सांगायचं, ही शिक्षकांची भीती खरी होती. टाकाऊ वस्तूचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. ती फुटली तर कुणाला जाब द्यावा लागत नाही. फुटल्यावर ती का फुटली यावर बोलता येतं. एका प्रशिक्षणात शिक्षकांनी पुठ्ठ्याच्या पेरिस्कोपचे आरसे दोन-तीनदा फोडले आणि शेवटी त्या आरशाच्या तुकड्यांनाच चिकटपट्टी लावून त्यांचा कॅलिडोस्कोप केला.

होशंगाबादचा प्रयोग जिल्ह्याबाहेरही पसरत गेला आणि हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोहोचला. २००२ साली मध्य प्रदेश शासनानं तो बंद केला. तीस वर्षांचं काम एका निर्णयानं थांबलं. त्या वेळच्या शिक्षकांनी लिहिलेली पुस्तकं आणि तयार झालेली साधनं मात्र उरली, कारण ती सरकारी गोदामात नव्हती. ती काड्या, काटे आणि बाटल्यांची होती आणि ज्यांनी एकदा केली त्यांच्या हातात होती. ताई शिक्षकांना ही गोष्ट सांगतात, तेव्हा त्यात तक्रार असतेच. चांगलं चाललेलं काम बंद पडलं याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

काळाबरोबर कचराही बदलतो आणि त्याबरोबर पिशवीही. एकेकाळी फोटोच्या रोलच्या प्लास्टिक डब्या स्टुडिओबाहेर ढिगानं मिळत. दोन डब्या, त्यांत बसणारी लहान-मोठी रबरी चकती, ट्यूबचा तुकडा आणि सायकलची आरी यांच्यातून फुगा फुगवणारा पंप होत असे. डिजिटल कॅमेरे आले, डब्या गेल्या. आता तो पंप औषधांच्या डब्यांतून करावा लागतो आणि प्रत्येक डब्याची जाडी वेगळी असल्यानं चकती पुन्हा पुन्हा कापून बघावी लागते. नव्या सायकलींचे व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखे झाले, त्यामुळे वॉलट्यूब मिळणंही अवघड होत चाललं आहे. सीडी आल्या, ढिगानं पडल्या आणि त्याही संपत आल्या. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली आणि पिपाणीचा खेळ अडकला. स्ट्रॉचं टोक चपटं करून त्रिकोणी कापलं की ती वाजते. ती वाजत असताना दुसरं टोक कातरीनं कापत गेलं की आवाज चढत जातो. आवाजाची उंची आणि नळीची लांबी यांचं नातं कळायला यापेक्षा चांगला प्रयोग नाही. कागदी स्ट्रॉ थुंकीनं ओली होते आणि लगेच दबते.

यावर उत्तर मुलांनीच दिलं. कार्यशाळेत स्ट्रॉ नाही म्हटल्यावर मावळातल्या एका शाळेतला मुलगा परसातून पपईचं पान घेऊन आला. पपईचा देठ आतून पोकळ असतो. त्याच्या एका टोकाशी बारीक चीर देऊन त्यानं तो वाजवून दाखवला. मग लांब देठ, आखूड देठ, जाड देठ, बारीक देठ आणि सगळी शाळा पिपाण्या वाजवत होती. ताई आता स्ट्रॉ शोधत बसत नाहीत.

हल्ली कार्यशाळेची तयारीही त्या बदलू लागल्या आहेत. शाळेत पोहोचण्याआधी पिशवी पूर्ण भरत नाहीत. त्या शिक्षकांना सांगतात की मुलांबरोबर शाळेभोवती एक फेरी मारा आणि काय काय सापडतं त्याची यादी करा. ऊसपट्ट्यातल्या शाळेची यादी वेगळी येते: ठिबकच्या काळ्या नळ्या, खतांच्या पोत्यांचा धागा, चिपाड. कोकणातल्या शाळेच्या यादीत जाळ्यांचे तुकडे, शिंपले आणि सुपारीच्या झावळ्या असतात. एमआयडीसीजवळच्या शाळेत पॅकिंगच्या पट्ट्या आणि पुठ्ठ्याचे कडक नळे. ठिबकची नळी पाण्याच्या दाबावर बोलायला उपयोगी पडते आणि पोत्याच्या धाग्यानं मुली विणायला लागतात. यादी आली की ताई तिच्यावरून कार्यशाळा आखतात. त्यांच्या पिशवीत फक्त जे त्या गावात खरोखर मिळत नाही ते जातं: चुंबकं, तार, रंग, भिंग.

भोरच्या त्याच शाळेतून मध्यंतरी गुरुजींचा फोन आला. सातवीच्या मुलींनी मोटर घरी पुन्हा केली होती. बहिणीच्या जुन्या खेळण्यातलं चुंबक काढून बसवलं आणि मोटर फिरली, पण ताईंनी शिकवलेल्या दिशेच्या उलटी. गुरुजींना कारण सांगायचं होतं, म्हणून त्यांनी ताईंना विचारलं. ताईंनी उत्तर दिलं नाही. चुंबक उलटं करून बघा आणि मग सेलही उलटा करून बघा, एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी पुन्हा फोन आला. चुंबक उलटं केल्यावर मोटर सरळ फिरली आणि सेलही उलटा केल्यावर पुन्हा उलटी. गुरुजी सांगत होते, मागे वर्गाचा गलका ऐकू येत होता. दिशा खरी बदलते ती चुंबकामुळे की सेलमुळे, यावरून वर्गात दोन गट पडले होते आणि चुंबकाच्या बाजूनं बोलणाऱ्या मुली म्हणत होत्या की सेलचा पुरावा चालणार नाही.